राखणीचा खडक

सकाळपासून ओट्यावर गळ बांधायचं काम चाललं होतं, आणि आईचं तोंडही सकाळपासूनच चाललं होतं.

"जा. त्याच डोहावर जा. एक गेला, आता दुसरी. मी आहेच चूल सांभाळायला."

थोरलीने दोरा दातात धरून गाठ आवळली. "खालच्या नदीत मासा उरलाय का, आई? आठ दिवस झाले, जाळ्यात नुसतं शेवाळ येतंय."

"मासा नको सांगूस मला. तुला जागा बघायचीय." आईने सूप आपटलं. "बघून काय होणार? गावाला शिकवत फिरला, एकट्यानं पाण्यात उतरू नका म्हणून. आणि स्वतः? एकटाच गेला. माझा विचार आला नाही मनात."

हेच थोरलीला सोसत नव्हतं. बाप जाऊन दोन महिने झाले, तरी आई त्याच्यावर रुसूनच होती.

बापाला सगळे खंड्या म्हणायचे. रानातलं, कुणी न पाहिलेलं पाणी शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा एक नेम होता. डोहावर दोघांनी जायचं. एकाने पाण्यात उतरायचं, दुसऱ्याने वरच्या अंगाच्या खडकावर राखणीला बसायचं. डोंगरात पाऊस कोसळला की इथे ऊन असतानाही लोंढा येतो. आधी पाचोळा, मग फेस, मग पाणी. पाचोळा दिसला की हाक मारायची. आणि राखणीच्या माणसाने गळ हातात धरायचा नाही. डोळा गळाला लागला की वरच्या पाण्यावरून उठतो. असा माणूस एकटा जाईल? प्रेत दोन कोस खाली, नदीच्या उथळ उतारावर सापडलं होतं. डोह कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

उंबऱ्यात काका आपला गळ बांधत बसला होता. बापाचा हा धाकटा भाऊ डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलट्या पिळाची. लहानपणी ती सोडवायला जाऊन थोरलीने कितीदा नखं मोडून घेतली होती.

"राखणीला येता ना, काका?"

"पोर एकटी निघाली म्हटल्यावर यायलाच पाहिजे," काका मान वर न करता म्हणाला.

पायवाट सुटली तशी थोरली बापाच्या खुणांनी चालू लागली. काठाला गुरांच्या खुरांचे ठसे दिसले की ते पाणी सोडायचं. प्रवाहावर उंबर वाकलेला दिसला की थांबायचं; पिकलं फळ टपकतं तिथे मासा तोंड वासून असतो. पण त्यातही तळ दिसला तर पुढे जायचं. अशी तीन पाणी तिने सोडली. हवा कोंदली होती. अंगाला चिकटलेलं लुगडं पायात येत होतं. एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"परत फिरू या का?" काका दोनदा म्हणाला. "आभाळ बरं दिसत नाही."

"आपल्यावर तर ऊन आहे."

"म्हणूनच."

वेलींची जाळी बाजूला सारली आणि समोर डोह आला. काळा, गार, तोंडावर दोन उंबर. थोरली जागीच थबकली. काका थबकला नाही. नव्या जागी माणूस आधी इकडेतिकडे बघतो. काका सरळ वरच्या अंगाच्या खडकामागे गेला आणि तिथल्या आडोशाच्या खाचांत न चाचपडता पाय टाकत वर चढला.

थोरलीने जाळं खाली ठेवलं आणि त्याच खाचांवरून तीही चढली. वर दोघांपुरती सपाट जागा होती. कडेच्या फटीत तुटका दोरा अडकला होता. तिने ओढला. टोकाला गंजलेला गळ होता.

"हा कुणाचा, काका?"

"असेल कुणाचा तरी."

"पीळ उलटा आहे."

खाली पाणी खडकाला चाटत राहिलं.

"मोठा लागला होता," काका म्हणाला. "एवढा." त्याचे हात आपोआप फाकले, आणि तसेच खाली पडले. "मी मान खाली घातली, बस. वर बघितलं तर लोंढा आलेला, सगळं पाणी लाल. मग हाक मारली गं. मारली मी."

"गावात का नाही सांगितलंत?"

"वहिनीनं पुन्हा उंबऱ्यात उभं केलं असतं मला?"

थोरलीने तुटका दोरा गळाभोवती गुंडाळला. मग म्हणाली, "जाळं घ्या आणि उतरा."

"काय?"

"राखणीला मी बसते."

काकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. खाली उतरला, जाळं खांद्यावर टाकून कमरेइतक्या पाण्यात गेला. जाळं फेकलंच नाही. तिच्याकडे पाठ करून नुसता उभा राहिला.

तिने गळ बाजूला ठेवला. रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून ती वरच्या वळणाकडे बघत बसली. डोंगराच्या माथ्यावर आभाळ काळं झालं होतं. वळणावरून एक पान आलं. उंबराचं नव्हतं, इथलं नव्हतंच. त्याच्यामागे दोन आली. मग काटक्या.

तिने लगेच हाक मारली नाही. काका मागे वळला नाही. खांदे आवळून उभा होता. त्याला कुणीतरी मारणार आहे आणि ते त्याला ठाऊक आहे, असा.

"काका! वर या! पाचोळा आला!"

तो धडपडत निघाला, दोनदा घसरला, खाचांत बोटं रुतवून चढला. तिने दंडाला धरून त्याला वर ओढलं. तो पुरता बसायच्या आत फेस आला आणि त्याच्या पाठोपाठ लाल पाण्याची भिंत. तो उभा होता तिथे आता एक अख्खं झाड गरगरत होतं.

काकाने त्या झाडाकडे पाहिलं.

"एवढंच करायचं होतं, काका," थोरली म्हणाली.

पाणी ओसरेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली. उतरताना त्याने विचारलं, "घरी जाऊन मी काय बोलू?"

तिने तो गंजलेला गळ त्याच्या डाव्या हातात दिला.

"काही बोलू नका. हा आईच्या हातात द्या. गाठ ती ओळखते."