पहिला नग

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नवं काम मशीनवर चढलं, की त्यातला पहिला नग देवाचा. ही रीत चांगुणाबाईंनी घातलेली. मूळच्या नांदगावच्या, इथे तपासणी आणि पॅकिंग त्यांच्याकडे. कीर्तन म्हटलं, की इंदिरानगरपर्यंत पायी जायच्या. हातून उतरेल त्यातलं पहिलं देवाच्या पायाशी ठेवावं, असं बुवांनी एकदा सांगितलं आणि ते त्यांच्या मनात बसलं. नगाला हळद-कुंकू लावून तो तसबिरीपुढे ठेवायच्या. मालक ज्ञानेश हसायचा, पण हात जोडायचा.

इथून ज्या मोठ्या कारखान्याला पोलादी बुश, म्हणजे यंत्रात बसणारी आखूड नळकांडी, जायची, त्याने ती बाहेरच्या देशातून मागवायला सुरुवात केली आणि निम्मी मशीनं झाकून पडली. तेवढ्यात सरकारी निर्यात आराखडा आला. "आता आपणच जगाला माल द्यायचा," तो घेऊन आलेले उद्योग खात्याचे साहेब म्हणाले. त्यांच्याच खटपटीने जर्मनीच्या एका कंपनीने तीस नमुने मागवले, एक ते तीस आकडे कोरलेले. पास झाले असते तर आठ जणांची रोजी टिकली असती.

एक नंबरचा नग तसबिरीपुढे होता. तीस आकडे पुरे भरायचे म्हणून चांगुणाबाईंनी तो पदराने पुसून खोक्यात घातला.

महिन्याने उत्तर आलं. ज्ञानेशने मोबाइलवरचा फोटो दाखवला. नग एक, आतल्या खाचेत लाल कण. सगळा लॉट नापास.

"गंज असंल," ऑपरेटर रवी म्हणाला.

"गंज नाय रं बाबा, कुंकू हाय ते." चांगुणाबाई म्हणाल्या. "कुंकवाची चूक नाय. देवाला दिलेलं म्या परत उचललं."

ज्ञानेशने मोबाइल खिशात टाकला.

"ज्ञानेशभाऊ, दुसरे धाडा की. मी रॉकेलनं धा वेळा धुते."

"मावशी, त्यांनी व्हिएतनामला ऑर्डर देऊनसुद्धा टाकली."

"मग साहेबाला सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, आराखड्याच्या पुस्तकात आपलं नाव छापून झालंय. परवा भाषणाला या, यशोगाथा म्हणून."

रवी फसकन हसला आणि मध्येच थांबला.

"एक तारखेपासून चौघांनाच ठेवता येईल," ज्ञानेश जमिनीकडे बघत म्हणाला.

"माझं नाव कापा. रवीला लेकरं हायत."

"तुमचं कधीच गेलंय, मावशी. पॅक करायलाच काही उरलं नाही."

सुट्टीला अजून दोन तास होते. चांगुणाबाई रिकाम्या टेबलापाशी बसून राहिल्या.