त्सेरमांगच्या बाटल्या

माझ्या सासऱ्यांच्या, आबा-लेंच्या, हृदयाची झडप बदलली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज आणि दर पंधरवड्याला तपासणी, म्हणून ते हिवाळाभर लेहला आमच्याकडे राहिले. आमा-ले, माझ्या सासूबाई, जनावरं सोडून येईनात. त्या तिकडे नुब्रा खोऱ्यातल्या गावीच. लग्नाला त्रेपन्न वर्षं, आणि ही पहिली ताटातूट.

नदीकाठच्या काटेरी त्सेरमांग झुडपांची गोठलेली नारिंगी फळं काठीनं झोडपायची आणि रस काढायचा, हे आमा-लेंचं थंडीतलं काम. खोकला, पोटदुखी, अशक्तपणा, त्यांच्या लेखी सगळ्यावर हेच औषध. दर आठवड्याला टॅक्सीवाल्याबरोबर रसाच्या बाटल्या यायच्या. आबा-ले आधी दिवसाला एक पेला प्यायचे, मग तीन-चार.

"आबा-ले, इतकं आंबट घशाखाली उतरतं तरी कसं?"

"तू पी नकोस," म्हणायचे. "या खेपेला ती नदीपलीकडे गेली होती वाटतं. तिकडची फळं जरा तुरट असतात."

जानेवारीत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर काळेनिळे डाग उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फळ वाईट नाही. पण त्यानंही रक्त पातळ होऊ शकतं, आणि तुमची गोळीही तेच करते. आता थेंबसुद्धा नको."

घरी आल्यावर ते मला म्हणाले, "तिला सांगू नकोस."

बाटल्या येत राहिल्या. ते झाकण उघडून नुसता वास घ्यायचे, मग मी रस शेजारी देऊन टाकायची. एकदा फोनवर आमा-लेंनी विचारलं, "प्यायलात? कसा होता?"

"छान. नदीपलीकडची फळं ना?"

"कसली नदीपलीकडची! गुडघा सुजलाय, पंधरा दिवस घरात बसलेय. वेशीजवळची आहेत, शेजारच्या छोरोलनं झोडपली. खरं सांगा, प्यायलात का?"

आबा-लेंनी फोन माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी त्या लंगडत दारात उभ्या. आबा-लेंच्या दंडावरचे डाग बोटांनी चाचपत म्हणाल्या, "तोंडाला कुलूप लावलं होतं?"

"सांगितलं असतं तर तू पाठवायची थांबली असतीस."

"आणि काय केलं असतं? म्हातारा मारायला पाठवला असता रस?"

हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

अकरा दिवस राहिल्या. मग गोठ्यातली झोमो, याक-गाईच्या संकराची दुभती, व्यायला झालीय म्हणून छोरोलचा फोन आला. आबा-ले त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. टॅक्सी वळणाआड गेली तरी हलेनात. बोचरा वारा सुटला होता. शेवटी मी त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं.