हो म्हणाली

तिचा एक पाय चपलेत होता आणि दुसरी चप्पल ती पायानंच रॅकखालून ओढून काढत होती, तेवढ्यात बाबांनी कार्ड वाचायला घेतलं.

"बाबा, माझी बस."

"एकच आहे."

एकच कधीच नसायचं. बाबा कोर्टात रशियनचे भाषांतरकार होते आणि गेली अकरा वर्षं त्यांचा एक कोश चालला होता. रशियन कायद्यातले शब्द, त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द आणि साध्या इंग्रजीत त्यांची व्याख्या. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. कार्ड लिहून झालं की ते कायद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवायचं. त्याला कळलं तरच व्याख्या पक्की, असा त्यांचा नियम. सुरुवातीला हे काम आईकडे होतं. मग एके दिवशी, मला नाही कळलं तरी माझं काही अडत नाही, असं सांगून आईनं राजीनामा दिला आणि ते लेकीच्या गळ्यात पडलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर उभी असायची. घरी येऊन घास तोंडात घालते न घालते तोच ताटाशेजारी कार्ड यायचं. केस विंचरताना यायचं, फोनवर बोलतानाही यायचं. कुणी साधं ‘थोड्या वेळात येते’ म्हटलं तरी बाबा विचारणार, थोड्या म्हणजे किती.

त्या सकाळचं कार्ड बेपत्ता माणसाचं होतं. राहत्या ठिकाणी वर्षभर ज्याची काही खबर नाही आणि ज्याला कोर्टानं तसं ठरवलं आहे, असा माणूस. रशियन कायदा त्याला नुसता गैरहजर म्हणतो, खबर नसलेला गैरहजर. मेलेला नव्हे, मेलेला ठरवायला पाच वर्षं थांबावं लागतं. इंग्रजीत याला नेमका शब्द नाही, म्हणून लोक सरळ ‘मृत मानलेला’ असं लिहून मोकळे होतात. चष्मा कपाळावर चढवून बाबा म्हणाले की मग वाचणारा त्याच्या घराच्या वाटण्या करायला बसतो, आणि कायदा तर फक्त घर सांभाळायला कुणीतरी नेमा म्हणतोय.

"कळलं?"

दुसरी चप्पल सापडली होती.

"कळलं."

"काय कळलं?"

"सगळं कळलं, बाबा. लिहून टाका कळलं म्हणून."

दार ओढून घेताना तिनं पाहिलं, ते कार्ड उलटं करून मागे काहीतरी लिहीत होते. बस चुकलीच. त्या दुपारी भाषांतरकारांच्या खोलीत, चहा यायच्या आधी, बाबा खुर्चीतच गेले.

तीन आठवड्यांनी कोश छापणाऱ्या संस्थेतून संपादकबाईंचा फोन आला. आवाज मऊ होता, काम रोखठोक. छपाई आणखी लांबवता येत नव्हती. चार वाजता गाडी येईल, तिच्यात कार्डांची सगळी खोकी द्यायची. फक्त एक बघायचं. वडिलांनी लिहून दिलं होतं की मागे शाईनं लिहिलेली कार्डं तेवढी छापावीत, पेन्सिलची अजून व्हायची आहेत. ती बाजूला काढून ठेवायची, कोशात येणार नाहीत.

माणूस गेला तरी कार्डं पाठ सोडत नाहीत, असं पुटपुटत तिनं बुटांची सहा खोकी त्यांच्या टेबलावर ओळीनं मांडली आणि एकेक कार्ड उलटं करायला घेतलं.

शाईच्या कार्डांमागे तारीख आणि एक शब्द होता: कळलं. पालकाचं कार्ड तिला चांगलं आठवत होतं. चौदाच्या आतल्या मुलाला एक पालक आणि चौदाच्या वरच्याला दुसरा, हा काय चावटपणा आहे, म्हणून तिनं ते जमिनीवर भिरकावलं होतं आणि बाबांनी व्याख्या तीनदा बदलली होती. त्यामागे शाई होती. जामिनाच्या कार्डावरून ती जेवण अर्धवट टाकून उठली होती. तिथंही शाई. जिथं जिथं कडाक्याचं भांडण झालं होतं, तिथं तिथं शाई.

पेन्सिलची त्रेचाळीस निघाली. तारीख आणि खाली: हो म्हणाली. काहींवर एकाखाली एक तीन-तीन तारखा होत्या. हो म्हणाली. हो म्हणाली. हो म्हणाली.

आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. तिनं कार्ड लांब धरून वाचलं.

"त्यांना कळायचं," ती म्हणाली. "तू ऐकत नव्हतीस ते."

"मग बोलले का नाहीत मला?"

"मी म्हटलं होतं, बोला. तर म्हणाले, दमून येते गं ती. घाई काय आहे, पुन्हा वाचीन."

लेकीनं कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली. आई म्हणाली की बसून काय होणार, त्यांचं पेन खणात आहे, शाईनं लिहून टाक सगळ्यांवर. इतकी वर्षं केलेलं काम वाया कशाला घालवायचं. कुणाला कळतंय.

साडेतीन झाले होते. तिनं पेन घेतलं. सगळ्यांत वर त्या सकाळचं कार्ड होतं, एकाच तारखेचं. ‘हो म्हणाली’च्या खाली निब टेकवलं, शाईचा बारीक ठिपका उठला. ‘कळलं’ लिहायला कितीसा वेळ लागतो. तिनं पेन उचललं, कार्ड सुलटं केलं आणि वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. मृत नव्हे. गैरहजर. घर सांभाळायला कुणीतरी नेमतात. चष्मा अजून टेबलावरच होता, काड्या उघड्या.

खाली हॉर्न वाजला.

"गाडी आली," आई खिडकीतून म्हणाली. "काय सांगू?"

"थोड्या वेळात देते म्हणावं."

थोड्या म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. आई जिना उतरून गेली. तिनं पेनाला टोपण लावलं, खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, ऐकणाऱ्याच्या जागी आणली आणि कार्ड समोरच्या, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवलं.

"नाही कळलं, बाबा," ती म्हणाली. "पुन्हा वाचा."