प्रश्न आला की मसुदा परत

आमच्या लॉ कॉलेजात पदवी हवी असेल तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही, लिहावंही लागतं. एक लांबलचक शोधनिबंध, आणि खऱ्या माणसांसाठी केलेला एक खरा मसुदा. निबंध माझा केव्हाच पास झाला होता. त्यात इतक्या तळटीपा होत्या की तपासणाऱ्याला धाप लागली असावी. घोडं अडलं ते मसुद्यापाशी.

मसुदे तपासायच्या पेन्सिलबाई. हे नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. बाई लाल शाई वापरत नसत. समासात पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ ओढायच्या आणि तुमच्याकडे बघत राहायच्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. त्यांचा नियमही जगावेगळा होता. शेवटचं वाचन त्यांच्यासमोर व्हायचं, आणि वाचणारा माणूस असा हवा की ज्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याने वाचायचं, मग स्वतःच्या शब्दांत सांगायचं. तोवर लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. वाचणाऱ्याने एक जरी प्रश्न विचारला तरी मसुदा परत.

तोंड न उघडणं ही माझ्यासाठी सक्तमजुरीच. आई म्हणते, जन्मल्याबरोबर बाकीची मुलं रडतात, हिने चौकशी केली.

मसुद्यासाठी मी लांब गेले नाही. घरचंच गिऱ्हाईक पकडलं. बाबांचं आणि काकाचं चष्म्याचं दुकान आहे. बाबा पुढे बसतात, नंबर तपासतात, फ्रेम दाखवतात, गोड बोलतात. काका मागच्या खोलीत मशीनवर काचा घासतो, पाण्याने भिजलेला ॲप्रन घालून, शेजारी मोठ्याने रेडिओ लावून. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना की बाबा मागे न बघता ओरडतात, “आवाज कमी कर रे!” काका करतो. थोड्या वेळाने तो आपोआप वाढतो. माझ्या जन्माआधीपासून हे असंच चाललंय, आणि भागीदारीचा एक चिटोराही कधी झाला नव्हता. मी म्हटलं, चला, मीच करून टाकते करारनामा. एका दगडात दोन पक्षी.

मसुदा फक्कड झाला, निदान मला तसं वाटलं. सातव्या कलमावर तर मी खूश होते: ‘उभय भागीदारांपैकी कोणीही निवृत्त होऊ इच्छित असल्यास त्याबाबतचा निर्णय परस्पर संमतीने व यथोचित रीतीने घेण्यात यावा.’ वाचताना कसं भारदस्त वाटतं! पेन्सिलबाईंनी नेमकी तिथेच रेघ ओढली.

“इथे काय झाकलंयस?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, बाई.”

“आपल्याला उत्तर माहीत नसलं की आपण ‘परस्पर संमतीने’ लिहितो. सगळे वकील लिहितात, मीही लिहिलंय. मग काही वर्षांनी ती माणसं कोर्टात भेटतात. शुक्रवारपर्यंत शोधून काढ.”

शुक्रवार शेवटचा. हुकला तर पदवी पुढल्या वर्षी, आणि ज्या वकीलबाईंनी मला ऑफिसात टेबल देऊ केलं होतं त्या काही वर्षभर टेबल पुसत माझी वाट बघणार नव्हत्या. पण खरं सांगू? भीतीपेक्षा मला कुतूहलच जास्त होतं. मसुदा मी लिहिला, आणि त्यात काय झाकलंय हे मलाच माहीत नाही!

बाबांना विचारलं, “काका उद्या जायचं म्हणाला तर?”

“तो कशाला जाईल?” बाबांनी फ्रेमचा स्क्रू आवळायला घेतला. तो आधीच आवळलेला होता.

मग काकाला विचारलं. त्याने काच उजेडात धरून बराच वेळ बघितली. “दादाला विचार.”

“त्यांना विचारलं. ते म्हणाले, तू कशाला जाशील.”

“बघ, म्हणजे झालं तर,” काका म्हणाला, आणि त्याने रेडिओ मोठा केला. इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या सफाईने वाटेला लावलं नव्हतं.

सराव म्हणून मी दोघांना मसुदा वाचायला दिला होता. बाबांनी त्याचा भलताच उपयोग केला. गिऱ्हाइकाला जवळचं वाचायला द्यायचं त्यांचं कार्ड जुनं होऊन कोपऱ्यात फाटलं होतं. बुधवारी मी दुकानात असताना एक निवृत्त नर्सबाई नवा चष्मा न्यायला आल्या, तेव्हा बाबांनी माझा करारनामाच त्यांच्या हातात दिला. “वाचा बघू कुठूनही. अक्षर कसं दिसतंय?”

नर्सबाईंना कुठूनही म्हणजे सातवं कलमच सापडलं. त्यांनी ते मोठ्याने, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं ठणठणीत वाचलं. मग चष्मा नाकावर खाली ओढून म्हणाल्या, “अक्षर अगदी स्वच्छ. पण एकाला जायचंय आणि दुसरा नाही म्हणाला, तर हो?”

“तसं व्हायचं नाही,” बाबा हसून म्हणाले. “आम्ही भाऊ आहोत.”

मागचं मशीन थांबलं. रेडिओही बंद झाला. तो कोणी न सांगता बंद झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

काका दारात आला. हात ॲप्रनला पुसत होता, पण ते काही कोरडे होत नव्हते. “दादा, तसं झालंय,” तो म्हणाला. “चष्म्याचं काम शिकवतात त्या संस्थेने मला बोलावलंय. मुलांना काचा घासायला शिकवायला. मागच्या वर्षी बोलावलं, यंदा परत बोलावलंय.”

“आणि तू मला विचारलं नाहीस?”

“तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो!” बाबा ओरडले. मग त्यांनाच आपलं बोलणं ऐकू आलं असावं. ते खाली बसले.

माझ्या तोंडात शंभर प्रश्न आले होते. तुला कधीपासून शिकवायचं होतं? मला का नाही बोललास? पण वाचन चाललं होतं, सरावाचं का होईना, आणि नियम म्हणजे नियम. मी ओठ घट्ट मिटून माझ्याकडच्या प्रतीच्या तळाशी नर्सबाईंचा प्रश्न लिहून घेतला. मी काहीतरी बोलले असते तर दोघांनी मिळून मला गप्प केलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. कोणीच बोलत नव्हतं म्हणून त्यांना बोलावं लागलं. नर्सबाई मात्र हलायला तयार नव्हत्या. चष्मा कधीच पसंत पडला होता, पण त्या आरशात बघत राहिल्या.

शेवटी बाबा माझ्याकडे वळले. “लिही. ज्याला जायचंय त्याने सांगायचं. दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.”

“मशीन दुकानातच राहील,” काका म्हणाला. “नवा कारागीर तयार करून देणं जाणाऱ्याकडे.”

“आणि सहा महिने आधी सांगायचं,” बाबा म्हणाले. “असं गिऱ्हाइकासमोर नाही.”

काका दारातच उभा होता. “मग आज सांगितलं असं धर, दादा.”

मला रडू आलं, ते कसं दडपलं माझं मला माहीत. मी कागदावर लिहीत राहिले. सातवं कलम आता चार साध्या वाक्यांचं झालं, आणि त्यात भारदस्त असं काही म्हणजे काहीच उरलं नाही.

शुक्रवारी वाचायला बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, स्वतःच्या दुकानातला सगळ्यात चांगला चष्मा. पेन्सिलबाईंच्या खोलीत ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग कागद पालथा ठेवून सगळं धडाधड सांगितलं: कोणाचं काय, कोण कशाला जबाबदार. सातव्या कलमाशी आले तेव्हा जरा थांबले. “माझा भाऊ सहा महिन्यांनी जाणार. जाताना माणूस तयार करून देणार. मी नाही म्हणणार नाही.”

बाईंनी पेन्सिल उचलली. “काही प्रश्न?”

मी बाबांकडे बघितलं. त्यांना नियम पक्का माहीत होता. वाटेत मी तो इतक्यांदा घोकून घेतला होता की बाबा म्हणाले होते, आता झोपेतही प्रश्न विचारणार नाही.

“एक आहे,” बाबा म्हणाले.

पदवी, टेबल, सगळं त्या पेन्सिलीच्या टोकाशी लटकत होतं, आणि मला बोलायची परवानगी नव्हती.

“विचारा,” बाई म्हणाल्या.

बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. “आता ‘आवाज कमी कर’ असं मी कोणाला म्हणायचं?”

बाई काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, खणातून शाईचं पेन काढलं आणि मसुद्यावर सही केली.