दाराशी ठेवलेली इस्त्री

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, आयुष्य मागाहून सांगते. आमच्या काकूला, म्हणजे माझ्या मालकिणीला, रीतभात म्हणून उरलेली नाही. लाँड्रीचे दार वाऱ्याने आपटते, तर या बाईने मला उचलून जमिनीवर ठेवले आणि दाराला टेकण दिले. जिच्या तळाखालून या गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या कॉलरी गेल्या ती मी, आता दार धरून बसते. येणाऱ्याजाणाऱ्याचा अंगठा माझ्यावर आपटतो आणि शिवीही मलाच मिळते. वर काकू आतून म्हणते, "अहो, खाली बघून चला जरा. जुनं लोखंड पडलंय तिथं."

लोखंड! बाई, जन्म गेला तुझा मला हातात धरण्यात, आणि अजून पितळ ओळखता येत नाही?

तर मी एक जुनी पितळी इस्त्री आहे. कोळशाची. वजन सात किलो, कोळसे वेगळे. शिक्षण म्हणाल तर कपड्यांच्या कोपऱ्यात शाईने घातलेल्या खुणांपुरते. तेवढ्यावर माझे भागले. माणसे ओळखायला पुस्तक लागत नाही, कॉलरीच्या आतली बाजू पुरते.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने वाळूच्या साच्यात ओतले. माणूस खोकत खोकत काम करायचा आणि खोकल्यातून वेळ मिळाला की भांडायचा. माझ्या झाकणाच्या खिट्टीवर त्याने एक छोटा कोंबडा बसवला. त्याची बायको म्हणाली, "हे कशाला आणखी?" तो म्हणाला, "झाकण उघडताना कुणाला चटका बसू नये म्हणून धरायला काहीतरी हवंच ना? मग ते देखणं असलं तर तुझं काय जातं?" मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. मला घडवणाऱ्याने पहिला विचार केला तो चटका बसू नये याचा.

या लाँड्रीत मी आले तेव्हा काकू नुकतीच सून म्हणून आली होती. हातात बळ, जिभेवर धार. आमचे लगेच जमले. ती मला गालाजवळ धरून ताप अजमावायची, पाण्याचा हबका मारायची आणि अशी फिरवायची की विचारू नका. तिने इस्त्री केलेली कॉलर घातली की वाकडा माणूससुद्धा सरळ दिसायचा. गिऱ्हाइके म्हणायची, "काकू, तुमच्या हाताला तोड नाही." काकू म्हणायची, "हात माझा, पण इस्त्री बघा ना कशी आहे!" खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. काका दारात बसून कोळसे फुलवायचा आणि राख चाळायचा. बोलायचा कमीच. काकू असताना बोलायला वाव होता कुठे?

काकूची धाकटी जाऊ घड्या घालायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी. ती मुलगी म्हणजे आमची ठकी.

ठकीची गंमत अशी की तिला खुणा वाचाव्या लागत नसत. धुण्यात शाई पुसून जायची, कोणता सदरा कोणाचा ते कळायचे नाही. मग ठकी उजवा तळहात सदऱ्यावर ठेवायची आणि सांगायची, "हा पोस्टमनकाकांचा. त्यांचा गुडघा दुखतो, पण ते घरी सांगत नाहीत." पोस्टमन रांगेतच उभा असायचा. तो लाजायचा, सगळे हसायचे. काकूला तेव्हा कोण अभिमान! "आमच्या ठकीच्या हाताला डोळे आहेत," असे ती ज्याला त्याला सांगायची. पुढे याच शब्दांचे तिने काय केले ते सांगते.

ठकी आठ वर्षांची असताना तिची आई तापाने पडली. त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्याच्या दीडशे चादरींचे काम आले होते. आतल्या खोलीतून ती हाक मारायची, "वहिनी, पाणी द्या हो थोडं." काकू म्हणायची, "आलेच, एवढी एक चादर." आणि मला पुढे ढकलायची. मग दुसरी चादर. काका ऐकत होता. मीही ऐकत होते, पण मला पाय नाहीत. त्याला होते. तिसऱ्या दिवशी हाक आली नाही. दवाखान्याच्या चादरी दवाखान्यात वेळेवर पोहोचल्या. जिला तिथे न्यायला हवे होते ती घरातच राहिली.

काकू रडली. खरोखर रडली, ते मी नाकारत नाही. पण रडणे वेगळे आणि कबूल करणे वेगळे.

वर्षभराने टेबलावरची घोंगडी झिजली. इस्त्रीच्या टेबलावर मऊ काहीतरी अंथरावे लागते, नाहीतर कापडावर लाकडाच्या रेघा उठतात. काकूने पेटीतून ठकीच्या आईची, तापात तिच्या अंगावर असलेली घोंगडी काढली आणि अंथरली. वाया का घालवायची, एवढाच तिचा विचार. चूक झाली ती इथे. दुसऱ्या कोणाच्या घरात ती चूक ठरलीही नसती. पण या घरात ठकी होती.

सकाळची वेळ, रांगेत पाचसहा माणसे. ठकीने नेहमीसारखा तळहात टेबलावर टेकला आणि ती जागच्या जागी थांबली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई पाणी मागतेय. काकू म्हणतेय, आलेच, एवढी एक चादर." थोड्या वेळाने पुन्हा, "आलेच, एवढी एक चादर." चार वेळा म्हणाली. रांगेतले कोणी हसले नाही.

काकूच हसली. "आई गेल्यापासून पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय," असे म्हणून तिने सगळ्यांचे कपडे भराभर देऊन टाकले.

दुपारी दुकान बंद झाले. मी ऐन तापलेली होते. काकूने ठकीचे मनगट धरले आणि म्हणाली, "हाताला डोळे आहेत ना तुझ्या? मिटते आता ते." आणि मला उचलले.

मित्रांनो, पुढचे मी फार सांगणार नाही. एवढेच सांगते की माझी मूठ तिच्या हातात होती आणि मला मागे सरता येत नव्हते. काका दारात कोळसे चाळत होता. कोळसे केव्हाच चाळून झाले होते.

संध्याकाळी काकू गल्लीभर सांगत फिरली, "हट्टी पोर. तापल्या इस्त्रीवर स्वतः हात ठेवला. असली नजर असलेली मुलं स्वतःलाच भाजून घेतात." ठकीला तापात आठ दिवस शुद्ध नव्हती. उठली तेव्हा तिला त्या दुपारचे काही आठवत नव्हते. जे सांगितले ते तिने खरे मानले. मग तिला दूरच्या मावशीकडे पाठवून दिले. आणि गल्लीतली लहान मुले मला बघून म्हणू लागली, "हीच ती, ठकीला भाजणारी." नाव काकूचे व्हायला हवे होते, झाले माझे.

पुढची वर्षे भराभर सांगते, सांगण्यासारखी नाहीतच. काकाला एका सकाळी छातीत दुखले आणि तो गेला. जे बोलायचे होते ते सोबत घेऊन गेला. टेबल किडले म्हणून नवे आले, घोंगडी चिंध्यांत गेली, भिंतींना रंग लागला. काकूची सून विजेची इस्त्री घेऊन आली. हलकी, गुलाबी, भिंतीत शेपूट खुपसल्याशिवाय जिला ताप चढत नाही अशी. मी आधी माळ्यावर गेले, मग दाराशी. त्या दुपारच्या साक्षीदार या घरात आता दोघीच उरलो, मी आणि काकू.

आणि एकतीस वर्षांनी परवा ठकी आली.

चाळिशीची बाई. हातात लहानशी बॅग. पायरीवर जपून, मला ओलांडून आत शिरली. सुनेने तिला पाहिले मात्र, गुलाबी इस्त्री उभी करून ठेवली. "अय्या, तुम्हीच ना त्या? कपड्याला हात लावून सांगता त्या? पोलिसांनी म्हणे एका हरवलेल्या म्हाताऱ्याचा सदरा तुमच्याकडे आणला होता, आणि तुम्ही विहीर सांगितलीत. खरं का हो?"

"विहीर नाही, कालवा," ठकी म्हणाली. "जिवंत सापडले ते. काकू, ओळखलंस का?"

काकू खुर्चीत बसली होती. गुडघे गेले आहेत, पण जीभ शाबूत आहे. "ओळखलं की. जगाचं सगळं कळतं म्हणे तुला. मोठं नाव झालंय."

"जगाचं कळतं. या हाताचं कळत नाही, म्हणून आलेय." ठकीने उजवा तळहात उघडून दाखवला. त्यावर माझ्या टोकाचा ठसा आहे, तीन बोटे रुंद, अजून तसाच गुळगुळीत. "काम मी डाव्या हातानं करते. यानं काही दिसत नाही."

सून कासावीस झाली. "बाई गं! चहा टाकू का?" म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

ठकी म्हणाली, "काकू, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. महिन्यापूर्वी तिनं माझा टॉवेल हातात घेतला आणि म्हणाली, आई, तू कुणालातरी खूप घाबरतेस, पण कुणाला ते तुला माहीत नाही. तिच्यातही आलंय गं ते. तेव्हापासून मी तिला हातमोजे घालून ठेवते. शाळेत मुलं तिला बाहुली म्हणून चिडवतात. मी स्वयंपाकघराला कुलूप लावते. तू म्हणाली होतीस ना, असली मुलं स्वतःलाच भाजून घेतात? एकदाच खरं सांग. मी स्वतः ठेवला होता का हात?"

मित्रांनो, मला वाटले, आता तरी. माणूस म्हातारे झाले की कधी कधी खरे बोलते. काकूने गुलाबी इस्त्रीकडे पाहिले. नव्या टेबलाकडे पाहिले. माझ्याकडे मात्र पाहिले नाही.

"तूच ठेवलास," काकू म्हणाली. "मी ओढून काढला म्हणून हात तरी राहिला तुला. पोरीला जप हो. हातमोजे काढू नकोस."

ठकीने डावा हात टेबलावर टेकून पाहिला. नवे टेबल, त्याला काय ठाऊक? भिंतीला लावून पाहिला. नवा रंग. मग ती मान खाली घालून म्हणाली, "बरं. येते काकू." आणि दाराकडे वळली.

तेव्हा माझ्या मनात काय आले ते प्रामाणिकपणे सांगते. मी गप्प राहिले असते तर तिला कधीच कळले नसते. माझी अब्रूही झाकली गेली असती, कारण तो चटका माझ्याच अंगाने दिला होता. पण मला त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा कोंबडा आठवला. आणि ती हातमोजे घातलेली मुलगी, जिला मी पाहिलेही नाही.

मी हलू शकत नाही. जड मात्र राहू शकते. डोळे भरून आलेल्या ठकीला मी दिसले नाही, आणि तिचा अंगठा माझ्यावर सणकून आपटला. तिने शिवी दिली नाही. पुढच्याला लागू नये म्हणून ती मला बाजूला सरकवायला वाकली, आणि तिने डाव्या हाताने माझी मूठ धरली.

मी सगळे सांगितले. चादरी, पाणी, घोंगडी, मनगट. माझा ताप लपवला नाही आणि काकूची मूठही लपवली नाही.

ठकी बराच वेळ वाकलेलीच होती. सून म्हणाली, "अहो, लागलं का फार?" ठकी उठली, मला दोन्ही हातांनी उचलले आणि टेबलावर, गुलाबी इस्त्रीच्या जागी ठेवले. मग बॅगेतून फोन काढला. "हॅलो, मावशी? तिला फोन दे. ...बाळा, हातमोजे काढ. हो, दोन्ही. नाही, परत घालायचे नाहीत. कधीच नाहीत. स्वयंपाकघराची किल्ली मावशीआजीकडे आहे, ती माग, आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन पी."

काकूच्या तोंडचा रंग उडाला होता. तरी म्हणाली, "काय सांगतंय ते जुनं लोखंड? आणि केलं असेल काही, तर तुझ्या भल्यासाठीच केलं. लोकांनी दगड मारले असते तुला."

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी सगळे सांगतात की वस्तूंची निगा राखा, त्यांना गंज लागू देऊ नका. ते कराच. पण माझे मागणे दुसरेच आहे. जे काम आमचे नाही ते आमच्याकडून करवून घेऊ नका, आणि करवलेत तर आमच्या नावावर खपवू नका. आम्हाला तोंड नाही, म्हणून आमचे म्हणणे नाही असे समजू नका.

माझे म्हणणे त्या दिवशी ठकीच्या तोंडून बाहेर पडले. कपडे न्यायला तीन गिऱ्हाइके दारात येऊन उभी होती. त्यांच्यासमोर, माझ्या कोंबड्यावर हात ठेवून, ती मोठ्याने म्हणाली:

"पितळ आहे हे, काकू, लोखंड नाही. ही आता दाराशी बसणार नाही, इथं तुझ्या डोळ्यांसमोर राहील. आणि ठकीचा हात कुणी भाजला असं कुणी विचारलं, तर हिच्याकडे बोट दाखवायचं नाही. स्वतःचा हात वर करायचा."