गाळलेल्या जागा

आमचा पूर्वज एलिह्यू थॉर्नॉक याच्या १८४७ सालच्या रोजनिशीचा कागद १८७१ साली तयार झालेला आहे.

कागदगिरणीच्या छापावरून एका इतिहासकाराने हे दाखवले आणि रोजनिशी बनावट ठरवली. तो लेख सॅनपीट खोऱ्यातल्या माझ्या अर्विलाकाकूंनी दोनदा वाचला. पूर्वज बैलगाड्या घेऊन युटात पोचले तो दिवस चोवीस जुलैचा. त्या दिवशी डेव्हरकाका चाळीस वर्षे जर्दाळूखाली बसून ही रोजनिशी वाचून दाखवीत. वाटेत कोसळलेल्या बैलाच्या कपाळाला एलिह्यूने प्रार्थनेचे तेल लावले आणि बैल उठला, हा प्रसंग आला की आम्हा मुलांच्या तोंडातल्या चेरी तशाच राहत.

काका मार्चमध्ये गेले. उद्या काकू वाचणार होत्या.

“वर्ल, तू भूशास्त्र शिकलेला, दगडांचा डॉक्टर. चर्चला येत नाहीस ते नाहीसच, निदान हे तरी बघ,” त्या म्हणाल्या. “खोटं असेल तर उद्या मी तोंड उघडणार नाही.”

मजकुरात मधूनमधून शब्दाएवढ्या जागा कोऱ्या होत्या. मी ओळी मोजल्या. या वहीच्या पानावर तीस ओळी होत्या. कोऱ्या जागा मात्र दर बावीस ओळींनी येत होत्या.

“म्हणजे काय रे?”

“मूळ वही वेगळी होती, काकू. बावीस ओळींची, प्रत्येक पानाचा कोपरा भिजलेली. कुणीतरी ओळीस ओळ उतरवली आणि वाचता आलं नाही ते सोडलं. बनावट करणारा कशाला सोडेल?”

“डेव्हर असता, तर त्या शहाण्याला जेवायला बोलावून ओळी मोजायला बसवलं असतं!”

मला तिथेच थांबता आले असते.

“एका ठिकाणी अंतर एकतीस भरतं. नऊ ओळी जास्तीच्या आहेत.”

“कुठल्या?”

“बैलाच्या.”

काकूंनी भिंग घेतले. त्या नऊ ओळींत एके ठिकाणी ‘बाबांनी’ खोडून वर ‘मी’ लिहिले होते.

“हे अक्षर केतुराचं, एलिह्यूंच्या मुलीचं. तिची लोणच्यांची वही माझ्या फडताळात आहे.”

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर एकच होते.

“मग उद्या?” मी विचारले.

“वाचीन. त्यातलं कुणाचं काय, तेही सांगीन. वहीत ठेवायला चिठ्ठी लिही.”

मी लिहिले : वडिलांची भिजलेली वही केतुराने १८७१मध्ये किंवा नंतर उतरवून काढली. बैलाचा प्रसंग त्या वहीत नव्हता. तो तिने घातला.