बिनआवाजाचा ड्रमसेट

साठाव्या वर्षी बुरुलचाने पुन्हा ड्रम वाजवायचं ठरवलं, आणि खोकं उघडल्यावर तिला पहिली चीड आली ती त्या ड्रमचीच. दिवाणखान्यातल्या लोकरीच्या नमद्यावर तिने एकेक भाग मांडला. ताटलीएवढ्या रबरी चकत्या, काळ्या प्लास्टिकच्या झांजा, आणि जिथे मोठा ढोल असायला हवा तिथे तळहाताएवढा एक तुकडा.

"ह्याला ड्रम म्हणायचं?" ती नवऱ्याला म्हणाली. "गिरणीतल्या आमच्या ढोलावर उभं राहून लोक दिवे बदलायचे. ह्याच्यावर मांजर बसलं तरी मोडेल."

"मग घेतलंस कशाला?" एसेनने वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं. तो दातांचा निवृत्त डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडायला लावून त्याने स्वतःचं बंदच ठेवलं होतं.

"खरे आणले तर खालचे लोक पोलीस बोलावतील. हेडफोन लावला की माझा आवाज मलाच."

बिश्केकला फ्रुन्झे म्हणत असत तेव्हा तिथल्या कापडगिरणीत मुलींचा एक वाद्यवृंद होता. दिलबारा गायची, नुरिला गिटार वाजवायची आणि ड्रमवर बुरुलचा. शहरात मुलीने ड्रम वाजवणं नवलाचं होतं, त्यामुळे लोक गाणं ऐकायला कमी आणि तिला बघायला जास्त यायचे. मग लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात सासू चारचौघांत म्हणाली, "आमची सून पाय फाकून ढोल बडवणार?" एसेन शेजारीच बसला होता. तो ताटातलं मांस चिरत राहिला, आणि बुरुलचाचे ड्रम सुटले. त्या गप्प बसण्याबद्दल बुरुलचाने त्याला कधी माफ केलं नाही. फक्त तो विषय काढायचं सोडून दिलं.

नव्या ड्रमला एक छोटा पडदा होता. ठोका वेळेवर पडला की हिरवा ठिपका, चुकला की लाल. पहिल्या दिवशी सगळा पडदा लाल झाला.

"ह्या डबड्याला काय कळतंय!" म्हणत तिने तो फडक्याने झाकला. चार दिवसांनी फडकं काढलं. पुन्हा लाल. तिने नीट पाहिलं, तर प्रत्येक चूक एकाच बाजूची होती. ती घाई करत होती. मग तिला आठवलं, दिलबारा मंचावरून उतरली की धापा टाकत म्हणायची, "अगं, जरा हळू!" आणि बुरुलचा मनात म्हणायची, हिच्या फुप्फुसातच दम नाही. म्हणजे शहरातली ती नावाजलेली ड्रमवाली सगळी वर्षं नुसती पळत होती, आणि टाळ्या पडत होत्या त्या तिच्या वेण्यांना. बुरुलचाला आयुष्यात बऱ्याच लोकांची कीव आली होती. स्वतःची पहिल्यांदाच आली. ती उठली, पाठ शेकली आणि दुसऱ्या दिवसापासून अगदी संथ लयीत, साध्या चार ठोक्यांपासून सुरुवात केली. आठ महिन्यांनी पडदा बहुतेक हिरवा दिसू लागला.

त्याच सुमारास दिलबाराचा फोन आला. दिलबारा आता मोठी गायिका होती. लग्नाला, वाढदिवसाला तिला गायला बोलावणं म्हणजे प्रतिष्ठा.

"बुरुल, माझी साठी आहे. तू, मी आणि नुरिला, आपलं गिरणीतलं गाणं! मागे पडद्यावर जुने फोटो, पुढे आपण. लोक रडतील बघ. आणि नुरिला सांगत होती तो तुझा नवा ड्रमसेट आण हं, तोच हवाय मला."

फोन ठेवल्यावर बुरुलचाने नाक मुरडलं. पण त्याच दुपारी ती बसली आणि पुढचे सहा आठवडे तेच एक गाणं वाजवत राहिली.

समारंभ दुपारचा होता. सभागृहात सोनेरी खुर्च्या, सोनेरी पडदे, आणि दिलबाराही तितकीच सोनेरी. बुरुलचाने ड्रम मांडले आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं, "माझी वायर कुठे जोडायची?"

"कुठेच नाही, ताई. सगळं रेकॉर्डवर आहे."

"आणि त्यात ड्रम कोण वाजवतंय?"

"कोण म्हणजे? संगणक."

ती तडक दिलबाराकडे गेली. दिलबारा आरशात पापण्या चिकटवत होती. "अगं, म्हणून तर तुझा बिनआवाजाचा ड्रमसेट मागवला! खऱ्या ड्रमचा ठणठणाट रेकॉर्डवर चढला असता."

"मी सहा आठवडे सराव केलाय."

"वेडी आहेस का? ह्या वयात कोण वाजवतं? हात हलव, हस, झालं."

"जाऊ दे ना," नुरिला हळूच म्हणाली. तिच्या गळ्यातल्या गिटारला तर तारासुद्धा सहापैकी पाचच होत्या. "पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

बुरुलचा बसली. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं तिने रबरावर चोख ठोकलं, सवयीने. मग तिने समोर पाहिलं. सगळे फोन उंचावून चित्रण करत होते, बायका डोळे पुसत होत्या. तिसऱ्या टेबलावर एसेन रुमाल काढून चक्क रडत होता. ती खरंच वाजवायची तेव्हा हा मांस चिरत बसला होता, आणि आता संगणकाच्या ठोक्यांवर ह्याला हुंदके येत होते!

तिने काठ्या मांडीवर ठेवल्या. जवळच्या टेबलावरून एक बोरसोक, तळलेल्या कणकेचा गोळा, उचलला आणि शांतपणे खाऊ लागली. ड्रम वाजतच राहिले, अगदी दणक्यात. आधी एक म्हातारा हसला, मग त्याचं टेबल, मग सगळं सभागृह. लोक कशाला हसतात म्हणून दिलबाराने मागे वळून पाहिलं. तिचं तोंड उघडं पडलं आणि तसंच राहिलं. गाणं मात्र एक सूरही न चुकता पुढे चाललं होतं. मग लोक टेबलं बडवून हसले.

"तू माझा दिवस नासवलास," दिलबारा नंतर म्हणाली.

"नासवायला काही शिल्लक असावं लागतं," बुरुलचा म्हणाली आणि ड्रम सोडवू लागली.

गाडीत एसेनने पट्टा लावला. मग म्हणाला, "असं करायला नको होतंस."

"तू कशाला रडत होतास?"

"तू छान वाजवत होतीस म्हणून."

"वायर जोडलेली नव्हती, एसेन."

तो पुढच्या लाल दिव्यापर्यंत विचार करत राहिला. "मला वाटलं, तूच वाजवतेस," तो म्हणाला, आणि मग अगदी खालच्या आवाजात, "मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. आई बोलली तेव्हा मला वाटलं, तुला त्याचं काही वाटत नसेल."

पस्तीस वर्षं ती ज्याला भित्रा समजत होती, तो नुसता मठ्ठ होता. ह्यात बरं काय आणि वाईट काय, ते तिला घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

ते चित्रण शहरभर फिरलं. दिलबाराने बोलणं तोडलं, ते तोडलंच. पुढच्या गुरुवारी नुरिला दारात उभी राहिली, गिटारला नवी तार लावून. दोघींनी दोन तास वाजवलं.

"बोटं गंजलीत तुझी," बुरुलचा म्हणाली. "आणि सूर तर कुठलाच लागत नाही."

"माहितेय," नुरिला म्हणाली. "पुढच्या गुरुवारी किती वाजता येऊ?"